जमिनीवर चालणारी प्रेयसी



प्रेमकवितेतील स्त्री आणि घरात वावरणारी स्त्री यांच्यातील अंतर बहुतेक भाषांच्या काव्यात आढळते. चंद्रमुखी, मृगनयनी, गजगामिनी ही विशेषणे कानांना इतकी सरावाची झाली आहेत की, त्यांमागे कोणी एक विशिष्ट स्त्री उभी असेल, असे मनातही येत नाही. इंग्रजी काव्यातही हेच घडले. चौदाव्या शतकात पेट्रार्क या इटालियन कवीने लॉराला उद्देशून सुनीते रचली. सोळाव्या शतकात टॉमस वायट आणि अर्ल ऑफ सरे यांनी हा काव्यप्रकार इंग्रजीत आणला. त्याबरोबर सूर्यासारखे डोळे, पोवळ्यासारखे ओठ, सोन्याच्या तारांसारखे केस असा उपमांचा सारा सरंजामही आला. पुढे एका कवीची प्रेयसी दुसऱ्याच्या प्रेयसीहून वेगळी ओळखू येईनाशी झाली.

१६०९ साली प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांपैकी १३०वे सुनीत या सरंजामाची झडतीच घेते. तेथील नायिकेचे डोळे सूर्यासारखे नाहीत, गालांवर गुलाब फुललेले नाहीत. देवतांची चाल कवीने पाहिलेली नाही, पण ही मात्र जमिनीवर पाय टेकून चालते. प्रथमदर्शनी ही नायिकेची टवाळी वाटते. शेवटच्या दोन ओळींत मात्र उलगडा होतो: खोट्या उपमांनी सजविलेल्या कोणाही स्त्रीइतकीच ती कवीला अनमोल आहे. टवाळी आहे ती उपमांची. तरीही ती कशी नाही, हेच येथे अधिक कळते. १३८वे सुनीत त्यापुढे जाते. ती खोटे बोलते, हे त्याला ठाऊक आहे. तो वय लपवितो, हे तिलाही ठाऊक आहे. आणि दोघेही ते चालवून घेतात. रूपवर्णन मागे पडून येथे सहवास कवितेत येतो.

खोट्या स्तुतीने बिघडते काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका कवयित्रीने दिले. क्रिस्तिना रोझेटी यांनी १८५६ साली चित्रकाराच्या कार्यशाळेवर एक सुनीत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९६ साली, प्रसिद्ध झाले. त्यांचे बंधू दान्ते गॅब्रिएल हे चित्रकार-कवी एलिझाबेथ सिडल हिची चित्रे पुनःपुन्हा काढीत. सुनीतातील चित्रांत तोच चेहरा कधी राणी होतो, कधी देवदूत. पण प्रतीक्षेने फिकट पडलेली स्त्री त्यांत कोठेच नसते. चित्रकाराला हवी तशी ती दिसते, आहे तशी नव्हे. एलिझाबेथ स्वतः चित्रे काढी, कविता लिही, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या सुनीतातील वेदना अधिकच बोचते. स्तुतीच्या झगमगाटात माणूस दिसेनासे होते, ते असे.

टॉमस हार्डी यांना माणूस दिसले, पण उशिरा. एमा गिफर्ड त्यांना १८७० साली कॉर्नवॉलमध्ये भेटली. १८७४ साली विवाह झाला. पुढे एकाच घरात राहून दोघे दुरावले. नोव्हेंबर १९१२ मध्ये एमा अचानक वारली. मार्च १९१३ मध्ये, बाहत्तर वर्षांचे हार्डी कॉर्नवॉलच्या त्याच कड्यांवर गेले. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोककवितांत घोड्यावरून दौडणारी तरुणी आहे, तशीच निरोप न घेता गेलेली पत्नीही आहे. आणि शेवटच्या वर्षांत आपण एकमेकांशी बोललो का नाही, हा प्रश्नही आहे.

प्रेयसीचे वास्तव चित्रण म्हणजे तिच्या उणिवांची यादी नव्हे. ती कवीच्या कल्पनेहून वेगळी, स्वतःचे मन असलेली व्यक्ती आहे, ही जाणीव म्हणजे ते चित्रण होय. शेक्सपिअरने ती हसत सांगितली, क्रिस्तिना रोझेटींनी दुरून पाहून सांगितली. हार्डींनी ती सांगितली तेव्हा ऐकणारी उरली नव्हती.