घरचा उन्हाळा, थंडाव्याचं ताट

भंडाऱ्याचं ऊन आता चांगलंच तापलंय.
25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेल.
म्हणून आज एकच गोष्ट सांगते…
तहान लागायची वाट पाहू नका.
आधीच पाणी प्या.

आपला जिल्हा धानाचा.
मग सकाळी भाताची पेज करा.
मूठभर तांदूळ, भरपूर पाणी.
मऊ शिजू द्या.
कोमट झाली, की ताक घाला.
चवीपुरतं मीठ घाला.
सोबत कांद्याची फोड.
पोट शांत राहतं, अंगात पाणीही जातं.

दुपारी कैरीचं पन्हं.
कैरी निखाऱ्यावर भाजा.
साल काळी पडते, गर मऊ होतो.
तो गर माठाच्या पाण्यात कुस्करा.
गूळ, जिरेपूड आणि मीठ घाला.
मधुमेह असेल, तर गूळ टाळा.

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडा.
मातीचा वास येईल.
मुलांना जवळ बसवा.
वैनगंगेकाठचं डांगर, म्हणजे खरबूज, कापा.
रानातली पिवळी टेंभरं मिळाली, तर तीही आणा.
पण कापलेलं फळ उघडं ठेवू नका.
आणि हो, शिळं अन्न टाळा.
उन्हाळ्यात ते लवकर खराब होतं.

घरातल्या म्हाताऱ्यांना तहान कमी जाणवते.
त्यांच्या हाती पेला आपणच द्या.
कुणाला चक्कर आली, अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं…
तर सावलीत न्या, अंग ओलं करा.
लगेच दवाखाना गाठा.

पुन्हा सांगते, श्रोतेहो…
तहान लागायची वाट पाहू नका.
आधीच पाणी प्या.