सूचनाफलकावरची बातमी



या व्याख्यानमालेत विद्वानांची परंपरा आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कामगार न्यायालयाच्या निकालपत्रांवर शब्दकोश ठेवून. तेव्हा चालकांनी बोलावले त्या वेळी आम्ही त्यांना म्हटले, "आम्हांला बोनसवर बोलता येईल, पगारवाढीवर बोलता येईल." ते म्हणाले, "या वर्षी शेजारधर्मावर बोला. गावात आता वाडे राहिले नाहीत, सोसायट्या झाल्या." म्हणून आज आम्ही एका दूरच्या सोसायटीची हकीकत घेऊन आलो आहो. हकीकत अमेरिकेतली आहे, पण ऐकता ऐकता तुम्हांला आपला जिना आठवेल असा आमचा विश्वास आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेला फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. तिथे मायामीला लागून, अगदी समुद्राच्या वाळूवर, सर्फसाइड नावाचे छोटे गाव आहे. त्या गावात १९८१ साली चॅम्प्लेन टॉवर्स साऊथ ही बारा मजली इमारत उभी राहिली. घरे १३६. समोर समुद्र, पाठीमागे मोठा रस्ता, खाली पोहण्याचा तलाव आणि त्या अंगणाच्या पोटात मोटारी ठेवण्याचे तळघर. कुणी सेवानिवृत्त शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी दक्षिण अमेरिकेतल्या देशांतून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे, अशी तिथे मिश्र वस्ती होती.

अशा इमारतीला तिकडे कॉन्डोमिनियम म्हणतात. शब्द अवघड आहे, कल्पना सोपी आहे. भिंतींच्या आतले घर तुमचे एकट्याचे. पण खांब, स्लॅब, गच्ची, जिना, उद्वाहक, तळघर हे सर्वांचे मिळून. सर्व मालक मिळून एक मंडळ निवडतात आणि ते मंडळ कारभार पाहते. फ्लोरिडाने यासाठी १९६३ मध्ये कायदा केला. गंमत अशी की त्याच १९६३ साली आपल्या महाराष्ट्रात मालकीच्या फ्लॅटांविषयीचा कायदा झाला, त्याच्या आधी १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा होताच, आणि १९७० मध्ये अपार्टमेंट मालकीचा कायदा आला. म्हणजे हा संसार दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी मांडला गेला. तेव्हा तिकडच्या संसारात काय झाले हे पाहणे आपल्याला परके नाही.

आता समुद्राकाठच्या इमारतीचा शत्रू कोण? वादळ, असे आपण म्हणू. वादळ हा शत्रू खरा, पण तो ढोल वाजवीत येतो. दुसरा शत्रू चोरपावलांनी येतो. खाऱ्या हवेतले आणि पाण्यातले मीठ काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत झिरपते आणि लोखंडी सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून सळई आतून फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. भेग मोठी झाली की पाणी आणखी आत जाते. आपण खालून पाहतो तेव्हा पोपडे निघालेले आणि तांबूस ओघळ दिसतात. आपण रंगाऱ्याला बोलावतो. रंगारी दोन हात मारून जातो आणि रोग पांघरूण घेऊन झोपतो.

त्या इमारतीत तलावाभोवतीच्या अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी पुरेसा उतारच दिलेला नव्हता. पाणी साचे ते वाळेपर्यंत तिथेच राही. २०१८ च्या ऑक्टोबरात मंडळाने नेमलेल्या सल्लागार अभियंत्याने अहवाल दिला. अंगणाखालचा जलरोधक थर निकामी झाला आहे, त्याखालच्या स्लॅबचे मोठे नुकसान झाले आहे आणि हे लवकर दुरुस्त केले नाही तर झीज झपाट्याने वाढत जाईल, असे त्यात म्हटले होते. खर्चाचा अंदाज होता सुमारे ९१ लाख डॉलर. इमारत आता पडेल असे त्याने लिहिले नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

पुढच्याच महिन्यात रहिवाशांची सभा झाली. गावाच्या बांधकाम खात्याचा अधिकारी सभेला आला होता. इमारत अगदी चांगल्या स्थितीत आहे असे त्याने सांगितल्याची नोंद त्या सभेच्या इतिवृत्तात आहे. एका महिन्यात दोन बातम्या आल्या, एक कडू आणि एक गोड. लोकांनी कोणती घरी नेली असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

नंतर वादावादी सुरू झाली. इतका खर्च कशाला, दुसरा अंदाज घ्या, आधी गच्ची करा, मंडळातल्या लोकांचा हिशेब दाखवा. २०१९ मध्ये मंडळाच्या सात सभासदांपैकी पाच जणांनी राजीनामे दिले. गंगाजळीत दहा लाख डॉलरही नव्हते. फ्लोरिडाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मालकांनी बहुमताने ठरवले तर दुरुस्तीसाठी राखीव निधी न जमवण्याची मुभा होती. अभियंत्याकडून पाहणी करून घेऊन निधीचा हिशेब मांडण्याची एक तरतूद २००८ मध्ये झाली होती. ती २०१० मध्ये काढून टाकण्यात आली. महिन्याची पट्टी कमी असली की घर विकताना गिऱ्हाईक खूष, मालक खूष, दलालही खूष. फक्त सळई खूष नव्हती, आणि सळईला मत नसते.

अखेर २०२१ च्या एप्रिलात मंडळाच्या अध्यक्षबाईंनी सर्व मालकांना पत्र लिहिले. तळघरात डोळ्यांना दिसणारे नुकसान पहिल्या पाहणीनंतर पुष्कळच वाढले आहे, काँक्रीटची झीज वेग घेत आहे, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत कळवले. आता काम दीड कोटी डॉलरवर गेले होते. लहान घराच्या मालकाच्या वाट्याला सुमारे ८० हजार डॉलर आणि सर्वांत मोठ्या घराच्या वाट्याला सव्वातीन लाखांहून अधिक. भरणा १ जुलैपासून सुरू व्हायचा होता.

१ जुलै उजाडण्यापूर्वीच, २४ जूनच्या रात्री, दीडच्या सुमारास, आधी तलावाजवळचे अंगण खचले, आणि काही मिनिटांनी इमारतीचा मोठा भाग कोसळला. माणसे झोपेत होती. ९८ जण गेले. उरलेला भाग वादळाच्या भीतीने ४ जुलैच्या रात्री सुरुंग लावून पाडावा लागला. तिथल्या केंद्र सरकारच्या संस्थेने चौकशी हाती घेतली. अंगणाचा मूळ आराखडाच त्या काळच्या नियमांना लागणाऱ्या ताकदीला कमी पडणारा होता, नंतर त्याच्यावर झाडांच्या कुंड्यांचे वाढीव ओझे पडले आणि गंजाची भर पडली, असे तिचे प्राथमिक निष्कर्ष आहेत. म्हणजे दुरुस्ती लांबली हे एकच कारण नव्हे. मुळात खोट होती. पण मुळातली खोट सापडते ती दुरुस्तीसाठी फरशी उकरली तरच.

२०२२ मध्ये न्यायालयाने मृतांच्या वारसांसाठी एक अब्ज डॉलरहून थोड्या अधिक रकमेची तडजोड मंजूर केली. दीड कोटी उभे करताना माणसे भांडली, आणि शेवटी शंभर कोटींवर गोष्ट गेली, तीही ९८ प्रेतांच्या मोबदल्यात.

बंधुभगिनींनो, तुम्ही म्हणाल, यात बातमी कुठे आली? आम्ही तिथेच येतो आहो. आमच्या धंद्यात सूचनाफलक हे हत्यार असते. गेटावरचा फलक वाचून कारखान्याची प्रकृती कळते. कोणत्याही सोसायटीचा फलक पाहा. तलाव सोमवारी बंद राहील. सत्यनारायणाच्या पूजेला यावे. किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे. कुत्र्याला मोकळे सोडू नये. या बातम्या वाईट नव्हेत. त्यांनीच शेजार जिवंत राहतो. पण खांबाला भेग गेली ही बातमी त्या फलकावर कधी येत नाही. ती येते इंग्रजी अहवालाच्या सातव्या पानावर, आणि अहवाल असतो चिटणिसांच्या कपाटात.

सर्फसाइडच्या मंडळाने बातमी दडवली असे आम्ही म्हणणार नाही. पत्र लिहिले होते, सभा झाल्या होत्या. पण अडीच वर्षे ती बातमी खर्चाची बातमी म्हणून फिरली, जिवाची बातमी म्हणून नव्हे. माणूस खर्चाच्या बातमीशी घासाघीस करतो. ती त्याची सवय आहे आणि त्याचा हक्कही आहे.

आम्ही हे उंच आसनावरून बोलत नाही. आमचीही एक कबुली ऐका. आम्ही राहतो ती इमारत कामगारांची, चार मजली. १९८२ च्या गिरणी संपात आमच्या वडिलांची नोकरी गेली, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी दोन भावांनी मिळून तिथे दोन खोल्या घेतल्या. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत दुरुस्ती निधी वाढवण्याचा ठराव आला. आम्ही उभे राहिलो. तीस वर्षे वाढीविरुद्ध बोलून जीभ तयार झालेली. आम्ही म्हणालो, गरिबाच्या खिशात हात घालू नका. टाळ्या पडल्या. ठराव पडला. चिटणीस बिचारे सेवानिवृत्त कारकून. त्यांनी कागद गुंडाळले आणि आमच्याकडे एकदा पाहिले.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात रात्री जिन्यावरचा छज्जा खाली आला. खाली शेजारच्या मुलाची सायकल होती. सायकल चेपून गेली. संध्याकाळी सातला तोच मुलगा तिथे बसून अभ्यास करीत होता. आम्ही त्या सायकलीसमोर उभे राहिलो तेव्हा आमच्या भाषणाचे एक वाक्यही आम्हांला आठवेना. सकाळी चिटणिसांच्या दारात जाऊन आम्ही म्हटले, "काका, चूक आमची." ते म्हणाले, "चूक माझीही. मी आकडे वाचले, छज्जा दाखवला नाही."

हे त्यांचे वाक्य आम्ही आजच्या भाषणाचे सार समजतो. मालकाचा नफा वाढवणारी पट्टी वेगळी आणि आपलेच छप्पर धरून ठेवणारी पट्टी वेगळी. आम्ही दोहोंना एकाच काठीने हाकले. पण त्यांनीही लोकांना वर नेऊन भेग दाखवायला हवी होती.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत घसारा निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का सांगितला आहे. इमारतीचे वय १५ ते ३० वर्षे असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून अधिक असेल तर तीन वर्षांतून एकदा संरचनेची तपासणी करावी, असेही सांगितले आहे. तरी २०१३ च्या सप्टेंबरात मुंबईत डॉकयार्ड रोडला महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची वसाहत कोसळली आणि ६१ माणसे गेली. तीही इमारत १९८० च्या सुमाराची, सर्फसाइडच्या इमारतीच्या वयाची. एकीकडे समुद्राकाठचे श्रीमंत, दुसरीकडे बाजार खात्याचे नोकर. काँक्रीट माणसाची मिळकत विचारीत नाही.

फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा बदलला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींची ठराविक वयानंतर सक्तीची तपासणी आणि पुढे दर दहा वर्षांनी पुन्हा तपासणी आली. खांब, छत यांच्या निधीला मतदानाने फाटा देण्याची सवलत गेली. लगेच दुसरे दुःख पुढे आले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना एकदम हजारो डॉलरची मागणी आली. कित्येकांवर घर विकण्याची पाळी आली. २०२५ मध्ये कायद्यात काही सवलती द्याव्या लागल्या. आम्ही त्या म्हाताऱ्यांच्या बाजूचे आहो. परंतु त्यांच्यावर हा बोजा कायद्याने टाकला नाही. चाळीस वर्षे दरमहा थोडे थोडे द्यायचे ते कुणी दिले नाही, ते एका दिवशी मागितले गेले. जो शेवटी घरात सापडतो तो आधीच्या सर्वांचे देणे फेडतो.

मग करावे काय? मोठे तत्त्वज्ञान आमच्याजवळ नाही. युनियनमध्ये जे शिकलो तेवढे सांगतो.

आपल्या सोसायटीच्या फलकाचा एक कोपरा इमारतीच्या प्रकृतीसाठी राखून ठेवा. शेवटची तपासणी कधी झाली, अभियंत्याने काय सांगितले, त्यातले किती झाले, निधीत किती शिल्लक आहे, एवढ्या चार ओळी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. पूजेच्या आमंत्रणाशेजारीच लिहा. भाडेकरू, पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बाया यांनाही त्या वाचता आल्या पाहिजेत. छप्पर पडताना ते सभासदत्व तपासत नाही. वर्षातून एकदा सभा सभागृहात न भरवता गच्चीवर आणि तळघरात भरवा. ज्याला पट्टी झेपत नाही त्याला हप्ते बांधून द्या, त्याचे नाव फलकावर लावून त्याची लाज काढू नका. आणि जो कोणी उठून कडू बातमी सांगेल त्याला बसवू नका. आम्ही बसवले होते.

आमच्या सोसायटीत आता पट्टी वाढली आहे. ठराव आम्हीच मांडला. टाळ्या पडल्या नाहीत. छज्जा नवा झाला आहे आणि तो मुलगा पुन्हा त्याच्याखाली बसून अभ्यास करतो. येता-जाता आमची नजर आधी वर जाते, मग त्याच्याकडे.

 आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी एकदा आपल्या जिन्याखाली उभे राहून वर पाहा, एवढी विनंती करून आम्ही आमचे बोलणे संपवतो.