पाटाचें माप आपल्या हातीं

पाटाच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यास "पाणी किती आलें?" असें विचारा. "आलें थोडेंसें," म्हणेल. पाणीपट्टी मात्र पुरी भरतो. शेतकऱ्यास लागेल तितकें पाणी तोटीनें द्यावें, असें जोतीरावांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' यांतच सुचविलें होतें. आपल्या वाघाड कालव्याच्या टोकास, ओझर येथें, 1991 च्या सुमारास शेतकऱ्यांनीं पाणीवापर संस्था काढल्या (एकीस नांवच महात्मा फुल्यांचें!) आणि ते पाणी मोजून घेऊं लागले.

माप अवघड नाहीं. बांधीव चारीचा सरळ 10 मीटर तुकडा घ्या व वरून लाकडाची ढलपी सोडा. 20 सेकंदांत पोंचली, तर वेग सेकंदास अर्धा मीटर. रुंदी 60 सेंटिमीटर, पाणी 30 सेंटिमीटर खोल. तिहींचा गुणाकार केला कीं सेकंदास 90 लिटर. पण थांबा! वरचें पाणी तळच्यापेक्षां जलद धांवतें, म्हणून शेंकडा 15 वजा घाला. राहिले सुमारें 76. म्हणजे तासास पावणेतीन लाख लिटर. हा आंकडा तारखेसह मोरीच्या भिंतीवर खडूनें लिहा, आणि पाटकरी आला कीं त्यास तेथेंच उभा करून वाचावयास लावा.