चिखलाच्या पोटात काय आहे

आरोंद्याच्या आमच्या बचत गटातर्फे आज खाडीतल्या चिखलाविषयी बोलायचं आहे. किरणपाणीला सुकतीच्या वेळी उभं राहिलं, की तेरेखोलच्या काठाला नुसता काळा गाळ दिसतो. परगावचा माणूस नाकाला रुमाल लावतो. आपल्याला ठाऊक असतं, तिसऱ्या, खुबे, कुर्ल्या इथूनच चुलीपर्यंत येतात.

आधी त्या वासाचं सांगतो. गाळाचे कण पिठासारखे बारीक, घट्ट बसलेले. आत हवा शिरत नाही. म्हणून वरचा पातळ थर तपकिरी आणि त्याखाली काळा. त्या काळ्या थरात हवेवाचून जगणारे जंतू पालापाचोळा कुजवतात, त्याचा हा कुजक्या अंड्यासारखा वास. इथे जगायचं तर हवा खाली न्यावी लागते. गांडुळासारखे किडे आणि एक डेंगा मोठा असलेली चिमुकली कुर्ली बिळं खणतात, भरतीचं पाणी त्यातून आत जातं. बीळ फोडून बघा, त्याच्या कडा तपकिरी दिसतील. कांदळाच्या मुळांनाही या बिळांचा फायदा होतो.

तिसरी मात्र निव्वळ चिखलात रमत नाही, तिला रेतीमिश्रित गाळ लागतो. पुरलेल्या जागेवरून दोन नळ्या वर काढते, एकीने पाणी आत घेते, त्यातलं बारीकसारीक खाते, दुसरीने बाहेर सोडते. म्हणूनच जिथे गटाराचं पाणी खाडीत येतं तिथल्या तिसऱ्या आम्ही घेत नाही. पाण्यातली घाण तिच्या पोटात साठते.

मिठाचाही खेळ आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. उन्हाळ्यात ते पाणी खाडीत आतपर्यंत चढतं. पावसाळ्यात बांद्याकडून गोडं पाणी लोटलं की खारेपणा एकदम उतरतो. तिसरी शिंपा मिटून काही दिवस तग धरते, पण पूर लांबला की मरते. वरून गाळाचा थर बसला की पिल्लं गुदमरतात. आणि रेती उपसली तर राहायची जागाच जाते.

पुराला आपण थांबवू शकत नाही, पण बोटाच्या पेराएवढी तिसरी उचलायची की नाही, ते आपल्या हातात आहे. वाटा मोठा दिसावा म्हणून बारीकही घातली जाते. त्यात मांस किती, ते शिजवणारीला विचारा!

केरळात अष्टमुडी तलावात तिसऱ्यांच्याच कुळातली शिंपली काढतात. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद असते आणि जाळ्याचा आस 30 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. 2014 साली या मासेमारीला टिकाऊपणाचं जागतिक प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. आमच्या मते त्यांचे महिने जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्या खाडीचं पाणी वेगळं, आणि आपला हंगामही तेव्हाच असतो. चार पैसे त्याच दिवसांत हाती येतात, ते कुणी सोडायचे?

गटात यावर दोन मतं आहेत. थोरल्या काकी म्हणतात, महिने बंद करू नका, एक पट्टाच एक वर्ष सोडून द्या. तरुण मुलींना मापाची चाळण हवी. येत्या अमावास्येच्या उधाणाला, सुकती लांबवर उतरेल तेव्हा, दोन्ही पट्टे बघून ठरवणार आहोत. तुमच्या खाडीत तांदळाएवढी पिल्लं कोणत्या महिन्यात दिसतात, ते आम्हाला जरूर कळवा.