शुश्रूषा हेही तपच
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा सारांश)



वृद्ध व रुग्णांचे वैयावृत्त्य आपण आभ्यंतर तप मानतो. मात्र कन्येने परिचारिका होण्याची इच्छा सांगताच घरात मौन पसरते. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापून परिचारिका-शिक्षणास चालना दिली, तेव्हाही समाज साशंकच होता.

यावलच्या कन्यांनो, बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घ्या. प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. सीईटीचा अर्ज मुदतीत भरा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग पदवी ४ वर्षांची आहे.

पालकहो, संमती देताना हात आखडता घेऊ नका. आपल्या आजारपणात उशाशी कुणाची तरी लेक उभी असते. ती आपली का नसावी?

जय जिनेंद्र!