कापडी डायपर वापरायचे का? आधी 'धुणार कोण' ते ठरवा

आजचा विषय जरा घरगुती आहे. आमच्याकडे पुढच्या महिन्यात बाळ येतंय, त्यामुळे सध्या घरात एकच चर्चा: कापडी की डिस्पोजेबल? सासूबाई म्हणतात, जुन्या सुती साड्यांचे लंगोट करू. मित्र म्हणतात, वेडा आहेस का, सरळ पॅक मागव. बायको म्हणते, "धुणार कोण ते आधी सांग." खरा प्रश्न हाच आहे. पण त्याआधी थोडं गणित करू.

नवीन बाळाला दिवसाला आठ-दहा वेळा बदलावं लागतं. पुढे हे कमी होतं. आपण सरासरी ७ धरू. एक डिस्पोजेबल समजा १० रुपयांना पडला, तर दिवसाचे ७० आणि महिन्याचे २,१०० रुपये.

आता कापडी. हल्लीचा कापडी डायपर म्हणजे आजीच्या काळातला लंगोट नाही. बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर असतं आणि आत शोषून घेणारी घडी, म्हणजे इन्सर्ट. बटणं असतात, त्यामुळे बाळ वाढलं की साइज मोठी करता येते. दिवसा ५ कापडी आणि रात्री-प्रवासात २ डिस्पोजेबल असं धरलं आणि एक दिवसाआड मशीन लावलं, तर १० डायपर धुण्यात जातात. वर ५ हाताशी हवेत. म्हणजे १५ सेट. ४०० रुपयांचा एक धरला तर ६,००० रुपये. डिस्पोजेबलचा खर्च महिन्याला ६०० वर येतो, म्हणजे १,५०० वाचतात. चार महिन्यांत पैसे वसूल. पावडर, वीज, पाणी धरलं तर अजून एखादा महिना. दुसऱ्या बाळाला तेच सेट वापरले तर फायदा आणखी.

पर्यावरणाचं काय? इथे गंमत आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली एक सरकारी अभ्यास आला. अडीच वर्षांत एका बाळाच्या डिस्पोजेबलमुळे साधारण ५५० किलो कार्बन उत्सर्जन, आणि कापडीमुळे ५७०! म्हणजे जवळपास सारखंच. कारण? गरम पाणी आणि ड्रायर. दोरीवर वाळवलं, मशीन पूर्ण भरून लावलं आणि दुसऱ्या बाळाला तेच वापरलं, तर हा आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो. आणि आपल्याकडे ड्रायर आहे किती जणांकडे? आपण दोरीवालेच! २०२३ मध्ये तिथेच नवीन अभ्यास झाला, त्यात कापडीचं उत्सर्जन साधारण २५ टक्के कमी निघालं.

पण माझ्यासाठी कार्बनपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. आपण फेकलेला डायपर कुठे जातो? पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताई दारोदार कचरा घेतात आणि हाताने वेगळा करतात. ओल्या कचऱ्यात कोंबलेला घाण डायपर त्यांच्या हातात येतो. म्हणून तर 'रेड डॉट' मोहीम आहे: डायपर किंवा पॅड कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. डिस्पोजेबल वापरा, काही पाप नाही. पण एवढं तरी करा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळून देणं बंधनकारक केलं होतं.

आता तोटे, कारण ते कुणी रीलमध्ये सांगत नाही. पावसाळ्यात इन्सर्ट वाळायला दोन-दोन दिवस लागतात. तेव्हा १५ सेट पुरणार नाहीत, २० लागतील. नवीन इन्सर्ट तीन-चारदा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत. फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालायचा नाही, शोषण कमी होतं. शी आधी टॉयलेटमध्ये टाकायची, गार पाण्याने खळबळायचं, मगच मशीन. आणि दर दोन-तीन तासांनी बदलायचंच. ओलं तसंच राहिलं की कापडीतही रॅश येतो. रॅश दोन-तीन दिवसांत गेला नाही तर डॉक्टर गाठा, घरगुती प्रयोग नकोत.

आता बायकोच्या प्रश्नावर येऊ. बहुतेक घरांत काय होतं? 'आपण कापडी वापरू' असं नवरा म्हणतो आणि धुते बायको, नाहीतर आई, नाहीतर कामवाल्या मावशी, तेही जादा पैसे न घेता. बाळंतीण रात्री चारदा उठणार, आणि वर तिनेच लंगोट धुवायचे? याला पर्यावरणप्रेम म्हणत नाहीत, फुकटची मजुरी म्हणतात.

म्हणून आमचं ठरलंय ते असं. दिवसा कापडी, रात्री आणि प्रवासात डिस्पोजेबल. खळबळणं, मशीन, वाळत घालणं, घड्या, हे सगळं माझ्याकडे. पहिले दोन-तीन महिने ती माहेरी असेल, तेव्हा सासूबाईंवर काही लादायचं नाही. त्यांना सोपं वाटेल ते. सुरुवातीला फक्त ४ सेट घ्यायचे आणि वापरून बघायचे. जमलं तर बाकीचे. आणि माझ्याच्याने धुणं झालं नाही, तर त्या दिवशी डिस्पोजेबल. ते काम तिच्याकडे सरकणार नाही.

तुमच्या घरात उत्तर वेगळं येईल. पाणी एक दिवसाआड येत असेल, बाल्कनी नसेल, तर डिस्पोजेबल वापरा आणि अपराधी वाटून घेऊ नका. फक्त 'धुणार कोण' याचं उत्तर खरेदीच्या आधी द्या, आणि ज्याने उत्तर दिलं त्यानेच धुवा.

चला, भेटू पुढच्या भागात. घरात कुणी नवीन बाबा होणार असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा. काळजी घ्या!