हाताने काढलेली चित्रे पुन्हा पडद्यावर

२४ जानेवारी २०२५ रोजी आपल्याकडच्या चित्रपटगृहांत एक जुना चित्रपट लागला. 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हे त्याचे नाव. जपानचे युगो साको व कोइची सासाकी आणि आपले राम मोहन हे त्याचे दिग्दर्शक. चित्रपट तयार झाला तो तीस वर्षांहून अधिक काळापूर्वी. पण आपल्याकडे बहुतेकांनी तो पाहिला दूरचित्रवाणीवर. त्यातले राम, सीता, हनुमान हाताने काढलेले आहेत.

हाताने काढायचे म्हणजे किती? पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रे झाली. तीही एकाच पात्राची! शेजारी लक्ष्मण चालू लागला, की काम दुप्पट.

चित्रातून रामकथा सांगणे आपल्या भागाला नवे नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या संस्थानातली आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. खुद्द सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. पुढे १९३४ मध्ये 'प्रभात'ने 'जंबू काका' हा छोटा व्यंगचित्रपट केला. चित्राला चालते-बोलते करण्याची हौस आपल्या मातीत जुनीच आहे.

मग ही कला मागे का पडली? संगणक आला. डिस्नेसारख्या कंपनीने २००४ नंतर हाताने काढलेल्या मोठ्या चित्रपटांचे काम थांबवले. २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'साठी ते पुन्हा सुरू केले, तेव्हा जुने जाणते चित्रकार परत बोलवावे लागले. यंत्र बाजारातून विकत आणता येते, सरावलेला हात आणता येत नाही. जपानने मात्र ही परंपरा सोडली नाही. मियाझाकींच्या 'द बॉय अँड द हेरॉन'ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' २०१९ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. त्यातली एकेक चौकट हाताने रंगवलेली आहे. कागदाऐवजी संगणक होता इतकेच, रेषा माणसाचीच.

तेव्हा ही कला परतली का, याचे उत्तर आपल्या शाळांतही शोधावे लागेल. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायचा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा गुणांपुरत्या द्यायच्या, आणि मोठा चित्रकार मात्र हवा, हे कसे जमावे? तुमचे मूल वहीच्या कोपऱ्यांत, पानापानावर पळणारा माणूस काढत असेल, तर रागावू नका. ती पाने भराभर उलटून पाहा. तो माणूस पळतो की नाही ते बघा, आणि अडखळत असेल तर मधली चार चित्रे त्याला आणखी काढू द्या.